फिरती खोट

पहिल्या खेपेला त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलं.
निळा पडदा, रडका चेहरा, खाली न वाचता येणारे आकडे.
मी म्हटलं, पेनड्राइव्ह गंडलाय.
दुसरा बनवला. एक्केचाळीस.
डिस्क तपासली, अख्खी, दीड तास,
एकही जागा मेलेली नाही.
तिसऱ्यांदा सत्याऐंशीपर्यंत गेलं
आणि मी चहा सांगायची चूक केली.

राजारामपुरी, बारावी गल्ली. दुकानाची रुंदी
एक मी आणि एक स्टूल.
स्टुलावर इलाही शिकलगार,
उद्यमनगरात फौंड्रीतली पहिली पाळी करून आलेले,
भुवयांत अजून काळी वाळू.
लॅपटॉप त्यांच्या नफिसाचा.
सोमवारी तिच्या डिप्लोमाची तोंडी.

"जुनं काढूनच टाकलासा न्हवं?"
काढलं.
"आणि नवं बसंना."
नाही बसत.
"म्हंजे आत्ता ह्यात कायच न्हाई?"
काहीच नाही, मी म्हणाले,
आणि ते पडद्याकडे बघत राहिले,
बिऱ्हाड हललेल्या खोलीकडे बघावं तसे,
जिथं भिंतीत नुसते खिळे उरलेत.

मग मी जे सगळे करतात ते केलं.
बायोसमध्ये शिरले. सिक्युअर बूट बंद केलं,
चालू केलं, परत बंद केलं.
तारीख चुकलेली होती, ती दुरुस्त केली,
कारण तेवढं तरी दुरुस्त होत होतं.
बाहेर सामना सुटला असावा,
पोरं हलगी बडवत निघाली,
कोण जिंकलं ते झेंड्यावरनं कळलं असतं,
पण मान वर कोण करणार.
सव्वीस टक्के.

शिकलगारांनी तंबाखूची पुडी उलटी केली.
मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं त्यांनी,
त्रेसष्ट, एक्केचाळीस, सत्याऐंशी, सव्वीस.
"दरवेळी येगळ्याच जागी मोडतंय की ओ."
हो ना, मी वैतागून.

"आमच्यात कसं आसतंय बाई,
भोक एकाच जागी पडाय लागलं
तर साचा बघायचा. पॅटर्न घासला आसंल.
पर आज कानाला, उद्या पोटात, परवा पायाला,
आशी खोट फिराय लागली
तर साच्याला शिव्या घालून उपेग न्हाई.
रस बघायचा. वततोय काय, त्ये बघायचं."

अकरा वर्षं हेच करतेय मी.
स्क्रूड्रायव्हर उचलताना
त्यांच्याकडे बघितलं नाही.

पाठ उघडली. मेमरीच्या पट्ट्या दोन,
एक कंपनीची, एक मागनं बसवलेली.
ही कुणी टाकली?
ते एकदम स्टुलाएवढे झाले.
"बोनस आलता दिवाळीला.
लई जोरात पळंल, म्हणाला त्यो."

काढली. उरलेल्या एका पट्टीवर
परत पहिल्यापासून.
सव्वीस गेलं.
एक्केचाळीसला हलगी लांब गेली होती.
त्रेसष्टला त्यांनी स्टूल पुढं ओढलं.
सत्याऐंशीला उठून गल्लीत जाऊन उभे राहिले,
पाठमोरे, दोन्ही हात मागं,
"झालं की हाळी मारा."

यंत्रानं विचारलं, भाषा कुठली.
विचारलं, देश कुठला.
मग, नाव काय.
मी हाळी मारली.
ते सावकाश सांगत गेले, टाइप व्हायची वाट बघत,
नफिसा. इलाही. शिकलगार.
मग म्हणाले, "फुडं कुमारी लिवता येतंय का?"
लिहिलं.

वाईट पट्टी मी डब्यात टाकणार,
तर त्यांचा हात आडवा आला.
"आमचा खोटीचा माल भट्टीत परत जातोय.
ह्याचं काय करतासा?"
काही नाही, पडून राहतं.
त्यांनी ती पुडीत गुंडाळली,
आकड्यांच्या बाजूनं आत,
आणि वरच्या खिशात ठेवली.
"तिला बोनसचं सांगू नगासा."

नाही सांगत. पण आता थोडं हळू चालेल हं,
आधीपेक्षा.

"चालंल," म्हणाले,
पैसे मोजता मोजता थांबून,
"चालंल तर खरं."